थांबलेल्या तासांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात असे म्हटले होते की, यंत्रांना सेन्सर जोडले आणि पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतचा व्यवहार संगणकावर आणला, एवढ्याने कारखान्याची उत्पादकता वाढत नाही. त्यावर सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर या आपल्या नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सातपूरला माझा सहा सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथचा कारखाना आहे. वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या पुरवठादारांसाठी आम्ही शाफ्ट आणि बुश तयार करतो. यंत्रांवर देखरेख ठेवणारी एक प्रणाली बसवली तर उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढेल, असे ती विकणारे गृहस्थ सांगतात. माझी दोन यंत्रे पंधरा वर्षांची जुनी आहेत. हा खर्च मी करावा काय? (लघुउद्योजक, सातपूर)

उत्तर : तीस टक्के म्हटल्यावर, ते कशाचे तीस टक्के, हा प्रश्न आपण त्यांना आधी विचारायला हवा होता. यंत्र चालू राहण्याच्या वेळात तीस टक्के वाढ, नगांच्या संख्येत तीस टक्के वाढ आणि महिन्याला बाहेर पडणाऱ्या, म्हणजे ज्याचे पैसे मिळतात अशा मालात तीस टक्के वाढ, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याच एखाद्या लेथचे उदाहरण कल्पून पाहू. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची. जेवण आणि चहाची ३० मिनिटे वजा जाता ४५० मिनिटे उरतात. सेटिंग (नव्या कामासाठी यंत्राची जुळवाजुळव), इन्सर्ट (कापणारे पाते) बदलणे, पहिला नग तपासून मिळेपर्यंतची वाट आणि बार (कच्च्या धातूचा गज) वेळेवर न आल्याने गेलेला वेळ मिळून लेथ १०८ मिनिटे उभा राहिला, तर तो ३४२ मिनिटे, म्हणजे ७६ टक्के वेळ चालला. एका नगाला दीड मिनिट धरले तर या वेळात २२८ नग व्हायला हवे होते. प्रत्यक्षात १९० झाले, म्हणजे वेग ८३ टक्के. त्यांतील ६ बाद होऊन १८४ चांगले निघाले, म्हणजे गुणवत्ता सुमारे ९७ टक्के. या तिन्हींचा गुणाकार ६१ टक्क्यांच्या आसपास येतो. कारखान्यांत ज्याला ओईई म्हणतात तो आकडा हाच. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएम या, यंत्रांच्या देखभालीत सर्वांना सामील करून घेणाऱ्या पद्धतीबरोबर तो रूढ केला, आणि उत्तम कारखान्याची पातळी म्हणून ८५ टक्क्यांचा जो उल्लेख नेहमी होतो तो ९०, ९५ आणि ९९.९ या तीन टक्केवारींच्या गुणाकारातून आलेला आहे.

प्रणाली बसवल्याने दीड मिनिटाचे सव्वा मिनिट होत नाही, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. लोखंड पूर्वीच्याच वेगाने कापले जाते. प्रणालीला हात घालता येतो तो त्या १०८ मिनिटांना आणि जे ३८ नग कमी पडले त्यांना. पाळी संपताना सुपरवायझर वहीत आठवून लिहितो की सेटिंगला एक तास गेला. पण तीन-चार मिनिटांचे जे पंधरा थांबे दिवसभरात झाले, चीप (कापलेल्या धातूचा तुकडा) अडकली, गेज (मापक) सापडला नाही, क्रेट रिकामी नव्हती, ते त्याला आठवत नाहीत, आणि आठवले तरी लिहिण्याजोगे वाटत नाहीत. माझ्या मते अशा प्रणालीचा सर्वांत मोठा आणि खरा उपयोग हे विसरलेले थांबे दाखवण्यात आहे.

जुन्या यंत्रांची अडचण आपल्याला वाटते तितकी मोठी नाही. नव्या कंट्रोलमधून सगळी माहिती थेट घेता येते. जुन्या यंत्रावर मुख्य मोटरच्या वायरीभोवती विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प आणि सायकल पूर्ण झाल्याचा एक सिग्नल एवढ्यावर यंत्र चालू होते की उभे आणि नग किती झाले हे कळते. मात्र यंत्र का उभे राहिले हे कोणताही सेन्सर सांगू शकत नाही. ते ऑपरेटरलाच नोंदवावे लागते, म्हणून कारणांची यादी सहा-सात ओळींचीच ठेवावी. चाळीस कारणांची यादी समोर आली की घाईतला माणूस पहिले कारण दाबून मोकळा होतो आणि महिनाअखेरीस सगळा वेळ ‘इतर’ या सदरात जमा झालेला दिसतो.

सहाही यंत्रांवर एकदम खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या कारखान्यात ज्या यंत्रासमोर क्रेटांची थप्पी लागलेली असते, ते यंत्र साऱ्या कारखान्याचा वेग ठरवते. त्या यंत्राचा एक तास वाचला तर तो कारखान्याचा एक तास वाचला. त्याच्या मागच्या यंत्राचा तास वाचला तर थप्पी तेवढी उंच होते. या थप्पीचाही हिशेब मांडता येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार, वाटेतला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे एका नगाला आत शिरून बाहेर पडायला लागणारे दिवस. आपल्याकडे अर्धवट झालेले १२,००० नग पडून असतील आणि रोज १,००० जात असतील, तर प्रत्येक नग १२ दिवस कारखान्यात राहतो, जरी त्याच्यावरचे एकूण काम दहा-बारा मिनिटांचेच असले तरी. नगामागे दीडशे रुपये अडकले असे धरले तर ही रक्कम १८ लाख होते. थप्पी निम्मी झाली तर ९ लाख रुपये मोकळे होतात आणि ग्राहकाला सहा दिवसांत माल देता येतो. हा लाभ ओईईच्या आकड्यात कोठेही दिसत नाही, म्हणून तो वेगळा मोजावा.

म्हणून आपण महिनाभर फक्त त्या एका यंत्राच्या थांब्यांची नोंद कागदावर, प्रत्येक थांबा घडताक्षणी, करून पाहावी. मग विक्रेत्याकडे त्याच यंत्रापुरती तीन महिन्यांची चाचणी मागावी, आणि आपली सारी माहिती आपल्याला केव्हाही उतरवून घेता येईल अशी अट लेखी घालावी. रोज सकाळी दहा मिनिटे कालच्या सर्वांत मोठ्या थांब्याविषयी बोलणारा आणि त्याचा निकाल लावण्याचा अधिकार असलेला माणूस आजच नेमावा. तो नसेल तर प्रणाली घेऊ नये. मी एका कारखान्यात भिंतीवरचा भला मोठा पडदा सकाळपासून लाल दिसत असलेला पाहिला आहे. त्या लाल रंगाचे उत्तर देणे हे तेथे कोणाचेच काम नव्हते. कामाची शिस्त बसवण्यासाठी सल्लागार हवा असेल, तर सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या २०२३ पासूनच्या लीन (कामातील अपव्यय कमी करण्याच्या) योजनेत त्याच्या शुल्काचा ९० टक्के भाग केंद्र सरकार उचलते, याचीही चौकशी करावी. आणि हातात जादा मागणीच नसेल, तर वाढलेल्या यंत्रवेळेचे करायचे काय, याचा विचार सर्वांत आधी करावा.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या फळीतले पुरवठादार आहोत. ग्राहकाच्या पोर्टलवर शेड्यूल येते आणि आठवड्यात तीनदा बदलते. एकच माहिती आम्ही आमच्या संगणकात, ग्राहकाच्या पोर्टलवर आणि एक्सेलमध्ये अशी तीन वेळा भरतो. डिजिटल पुरवठा साखळीचा लाभ सगळा वरच्या कंपनीला आणि काम आम्हाला, असे नाही का? (डिस्पॅच विभागातील अधिकारी, अंबड)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पोर्टल म्हणजे डिजिटल साखळी नव्हे. कागदावरची खरेदीची मागणी पडद्यावर आली, इतकाच बदल त्यात झालेला असतो. ज्या माहितीच्या आधारे ती मागणी ठरली, ती माहिती आपल्यापर्यंत पोचतच नाही.

यामुळे काय होते हे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. आसूडाची मूठ किंचित हलली तरी त्याचे टोक हातभर फिरते, तसे साखळीत घडते. शोरूममधली विक्री पाच टक्क्यांनी वाढली की वितरक थोडी जादा मागणी नोंदवतो, वाहन कंपनी त्यावर आपला अंदाज चढवते, पहिल्या फळीचा पुरवठादार माल कमी पडू नये म्हणून आणखी वाढवतो, आणि आपल्यापर्यंत येईतो पाचाचे पंचवीस झालेले असतात. पुढच्या महिन्यात सगळ्यांकडे साठा जास्त झाला की तीच लाट उलटी येते आणि आपले शेड्यूल एकदम निम्मे होते. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीला आपल्या डायपरच्या बाबतीत हे आढळले होते. बाळांची गरज दर आठवड्याला जवळपास सारखीच होती, तरी वितरकांच्या मागण्या मात्र वरखाली होत होत्या आणि कंपनीने कच्च्या मालाच्या पुरवठादारांकडे नोंदवलेल्या मागण्या त्याहूनही अधिक. कोणी चूक केली नव्हती. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याची मागणी दिसत होती, शेवटच्या माणसाचा वापर दिसत नव्हता.

आपल्या कारखान्यात या लाटेचे रूपांतर थेट सेटिंगच्या तासांत होते. मंगळवारी शेड्यूल बदलले की चालू जॉब उतरवून दुसरा चढवावा लागतो, प्लेटिंगला गेलेला माल परत येईपर्यंत जुळणी थांबते, शनिवारी ओव्हरटाइम होतो आणि सोमवारी यंत्र रिकामे असते. दुसऱ्या फळीतल्या कारखान्याची उत्पादकता त्याच्या भिंतींच्या आत जितकी ठरते, तितकीच ती बाहेर ठरते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. म्हणून ग्राहकाकडे आपण दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, आपल्या भागाचा त्यांच्याकडील रोजचा वापर आणि शिल्लक साठा, हे दोन आकडे पोर्टलवर दिसावेत. त्यांत त्यांचे कोणतेही गुपित उघड होत नाही. दुसरी, पुढच्या काही दिवसांचे शेड्यूल गोठवलेले असावे, मग ते पाचच दिवसांचे का असेना. या दोन गोष्टींमुळे त्यांचाही माल अडकण्याचे प्रसंग कमी होतात, हे त्यांच्या खरेदी विभागाला गेल्या तीन महिन्यांतील बदललेल्या शेड्यूलची आणि त्यामुळे चुकलेल्या डिस्पॅचची यादी समोर ठेवून दाखवावे.

तीनदा टंकलेखनाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे आपल्या बिलाची सगळी माहिती ठरावीक साच्यात आधीच तयार होते. तीच फाइल ग्राहकाच्या पोर्टलला घेता येते का, एवढे विचारावे. क्रेटवर बारकोड लावून माल निघतानाच पाठवणीची सूचना गेली, तर ग्राहकाच्या गेटवर पुन्हा मोजणीही होत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मला तीव्रतेने लिहावेसे वाटते, आणि ती म्हणजे पैसे. लघुउद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. ते नव्वद दिवसांनी मिळाले की मालक बार थोडा थोडा घेतो, थोडा घेतला की महाग पडतो आणि अधूनमधून संपतो, आणि लेथ उभा राहतो. पडद्यावर कारण दिसते ‘कच्चा माल नाही’, पण खरे कारण ग्राहकाच्या लेखा विभागात असते. मान्य झालेल्या बिलावर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणारी ट्रेड्स ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे आणि २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिच्यावर नोंदणी करणे आता सक्तीचे आहे. मालाची माहिती तासाभरात मागणाऱ्या ग्राहकाने बिलाची मान्यताही तितक्याच तत्परतेने द्यावी, असे आपण निःसंकोच म्हणावे.

माहिती टोकापासून टोकापर्यंत नेणे शक्य असते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी, कीडनाशकांच्या अंशांची प्रयोगशाळेतील तपासणी, पॅकहाऊस आणि निर्यात हे सगळे त्यात एकमेकांशी जोडलेले आहे, आणि पेटीवरून बागेपर्यंत मागे जाता येते. द्राक्षबागाईतदाराला जे जमले ते आपल्याला जमू नये असे काही नाही.

प्रश्न : समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यावर आम्ही कच्च्या मालाचा साठा कमी करावा का? (भांडारपाल, गोंदे)

उत्तर : ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची कोंडी टाळता येते, हे खरे. परंतु साठा किती ठेवायचा हे सरासरी वेळेवर ठरत नाही, वेळ किती वरखाली होते यावर ठरते. गाडी कधी चार तासांत आणि कधी दहा तासांत येत असेल, तर आपण दहा तासांची तयारी ठेवता. तिला नेहमी सहा तास लागत असतील तर साठा कमी करता येतो. गेल्या सहा महिन्यांतील प्रत्येक गाडीची निघण्याची आणि पोचण्याची वेळ ई-वे बिल, फास्टॅग आणि गेटवरील नोंद यांतून काढून मांडावी, आणि निर्णय त्यावरून घ्यावा.

प्रश्न : संगणक आले तरी उत्पादकता वाढली नाही, असे अर्थतज्ज्ञ म्हणतात असे वर्गात शिकवले. मग ‘इंडस्ट्री ४.०’चा, म्हणजे यंत्रे आणि संगणक एकमेकांशी जोडलेल्या कारखान्यांचा, एवढा गाजावाजा कशासाठी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये अशा अर्थाचे विधान केले होते की, संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाहीत. त्यावर १९९० मध्ये आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी विजेच्या इतिहासातून जे उत्तर सुचवले, ते मला आजही सर्वांत पटते. न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता विजेमुळे ठळकपणे वाढली ती १९२० च्या दशकात. मधल्या चाळीस वर्षांत काय झाले? सुरुवातीला कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच्या जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. छताखालचा, सगळ्या यंत्रांना शक्ती पोचवणारा लांब दांडा, त्यावरचे पट्टे, यंत्रांची मांडणी सगळे तेच राहिले. ज्या यंत्राला शक्ती जास्त लागते ते दांड्याजवळ, अशा हिशेबाने मांडलेले कारखाने तसेच चालू राहिले. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, तेव्हा कोठे यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता आली, एकमजली प्रशस्त शेड उभ्या राहिल्या आणि एक यंत्र बंद पडले म्हणून सगळे थांबेनासे झाले.

‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात प्रथम पुढे आला, म्हणजे त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. आज अनेक ठिकाणी जुन्या दांड्यालाच नवी मोटर जोडण्याचे काम चालले आहे. मंजुरीसाठी तीन सह्या लागत होत्या, आता त्याच तीन सह्या मोबाइलवर लागतात. आपण प्रकल्पासाठी एखाद्या कारखान्यात जाल तेव्हा कोणते तंत्रज्ञान आणले यापेक्षा, ते आणल्यावर कोणते काम बंद केले, हे अवश्य विचारा.

प्रश्न : सगळे जोडले म्हणजे एका ठिकाणच्या सायबर हल्ल्याने सगळेच बंद पडेल, ही भीती खरी आहे का? (देखभाल विभागप्रमुख, सिन्नर)

उत्तर : खरी आहे. कोजिमा या प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि १ मार्च २०२२ रोजी टोयोटाला जपानमधील आपले सर्व १४ कारखाने, त्यांतील २८ उत्पादन लाइन, एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सुमारे १३,००० गाड्यांचे उत्पादन हुकले. आपल्यासारख्या मध्यम कारखान्याने कार्यालयाचे आणि यंत्रांचे जाळे वेगळे ठेवावे, यंत्राचे प्रोग्राम आणि पीएलसीची (यंत्राचे काम चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकाची) प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर ठेवून ती दर तिमाहीत प्रत्यक्ष परत चढवून पाहावी, आणि यंत्र-विक्रेत्याला दुरून शिरण्याचा मार्ग कामापुरताच उघडावा. एक दिवस कागदी चलनावर डिस्पॅच करण्याचा सरावही करून ठेवावा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षे ऑपरेटर आहे. आता माझ्या यंत्रावर टॅब्लेट लावला आहे आणि मी किती मिनिटे थांबलो ते साहेबांच्या केबिनमध्ये दिसते. आमच्यावर पाळत ठेवून माणसे कमी करण्याचाच हा डाव नाही ना? (यंत्रचालक, अंबड)

उत्तर : दादा, तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नग मोजणे, नोंदी उतरवणे, ठरावीक मापे तपासणे ही कामे कमी होणार आहेत, आणि एका माणसाने दोन-तीन यंत्रे पाहण्याचा आग्रहही वाढणार आहे. पण वर सातपूरच्या उद्योजकांना दिलेले उत्तर पाहा. त्या १०८ मिनिटांत ऑपरेटरच्या दोषाने गेलेली मिनिटे फार थोडी आहेत. बार आला नाही, तपासनीस मोकळा नव्हता, इन्सर्टची खरेदी लांबली, ही सगळी कारणे व्यवस्थापनाची आहेत. आजवर त्या थांब्यांचा दोष अंदाजाने तुमच्यावर येत होता. कारण नीट नोंदवले तर तोच टॅब्लेट तुमची बाजू मांडतो. म्हणून घाईत ‘इतर’ दाबू नका, खरे कारण दाबा.

यंत्राचा आवाज बदलला की टूल झिजले हे तुम्हाला कंपन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी कळते. ही जाण एकोणीस वर्षांत आलेली आहे, आणि सेन्सरची धोक्याची पातळी कोठे ठेवायची हे ठरवताना तिची गरज लागते. ती सांगायला तुम्हाला बोलावले जावे, हा तुमचा हक्क समजा. प्रोग्राममधील ऑफसेट दुरुस्त करणे आणि सेन्सरची प्राथमिक देखभाल शिकण्याची संधी कंपनीकडे मागा. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये असे अल्पमुदतीचे वर्ग आहेत का, याचीही चौकशी करा.

युनियनमार्फत तीन मागण्या लेखी करा. नोंद यंत्राच्या नावाने व्हावी, माणसाच्या नावाने नाही. या नोंदींवरून कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असे पत्रक निघावे. आणि जो पडदा साहेबांच्या केबिनमध्ये आहे, तोच शॉप फ्लोअरवर, तुम्हाला यंत्रावरून वाचता येईल अशा उंचीवर लागावा, आणि नोंदवलेल्या प्रत्येक कारणापुढे त्यावर काय केले आणि कोणी केले हे दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यावर दिसावे.